पंपावरचं चंदन

खंडेनवमीला इथे मद्रासमध्ये बसपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना चंदन-कुंकू लागतं. माझे यजमान इथल्या आवडी गावातल्या कारखान्यात होते, तेव्हा त्यांच्या लेथलाही लागायचं. त्या दिवशी अतिदक्षता विभागात नर्सच्या कॉम्प्युटरलाही ठिपका होता. म्हणून माझ्या तमिळ सुनेने नवऱ्याच्या पंपाला बोटभर चंदन फासलं, याचं मला नवल वाटलं नाही. राग आला.

माझ्या मुलाचं हृदय एका तापानंतर पार थकलं होतं. खाटेशेजारचा पंप त्याचं रक्त फिरवत होता. पंपाच्या पारदर्शक डबीला एक नवीन यंत्र बसवलेलं होतं. ते लाल उजेड रक्तात सोडायचं आणि किती परत येतो ते बघायचं. गाठ धरायला लागली की उजेड वेगळा परततो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गाठ सुटून मेंदूत गेली तर मुलगा संपला.

त्या डबीला चंदन लागलं आणि यंत्र कोकलायला लागलं. डॉक्टर धावत आले.

"अम्मा, हे कोणी केलं?"

"हिने. कपाळं कमी पडली म्हणून."

त्यांनी स्पिरिटच्या बोळ्याने डबी पुसली. आवाज थांबला. सून रडता रडता हसली. तेवढ्यात यंत्र पुन्हा ओरडलं.

डॉक्टरांनी टॉर्च मारून डबी सगळीकडून पाहिली. काही दिसेना.

"आत रक्त ढकलणारं चाक आहे, त्याच्या मागे टॉर्च पोचत नाही," ते म्हणाले. "पंप बदलतो. बदलताना थोडा वेळ बंद राहील. धोका त्यातही आहे."

"चंदनच राहिलं असेल, सार. अजून एकदा पुसा ना." सून त्यांची बाही सोडेना.

"पुसून झालं," मी म्हटलं. "सोड त्यांना."

"अत्तै, बंद केल्यावर काही झालं तर?" सासूला ती अत्तै म्हणते.

"आणि गाठ सुटली तर?"

तिने बाही सोडली. आम्हाला पडद्याबाहेर काढलं. आत नळ्यांना चिमटे लावल्याचा आवाज आला, मग पंपाची घरघर थांबली. सुनेने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. ती देवाचं नाव घेत होती. मी तिला गप्प केलं. मला ऐकायचं होतं.

घरघर सुरू झाली.

डॉक्टरांनी ट्रेमध्ये जुनी डबी आणून दाखवली. चाकाच्या मागे काळी गाठ चिकटली होती, भिजल्या चिंचेसारखी. सुनेने तोंड फिरवलं. मी आत जाऊन मुलाच्या तळपायाला हात लावला. पाय कोमट होता.