कढीपत्त्याशेजारी वाढलेला ओक

१८ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी साडेनऊला मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉयहून निघालो. ॲन आर्बरच्या बाहेर देशी, म्हणजे मूळच्या इथल्याच झाडांची नर्सरी आहे, तिथे गेलो. तीनला परत.

मागच्या सीटवर, सीटबेल्ट लावून, ओकचं कमरेएवढं रोप. माझ्या बायकोने, नीलिमाने, पार्कात पडलेल्या बीपासून कुंडीत वाढवलेलं. ती मार्चमध्ये गेली. या उन्हाळ्यात रोपाने जेमतेम चार पानं काढली, म्हणून ही ट्रिप. सोबत मित्र नितीन, मूळचा नागपूरचा. मला एकट्याने कुठे जाऊ द्यायचं नाही, असं मित्रमंडळींनी ठरवलंय. त्यांचे डबे एप्रिलमध्ये थांबले, सल्ले चालू आहेत.

६९६ हायवेवर काम चालू आहे, वीस मिनिटं जास्त धरा. तेवढ्यात नितीनने झाडाचा निकाल लावला.

"यार, याची पानं झडतात, वर अळ्या. जॅपनीज मेपल लाव, क्लासी दिसतं."

"अळ्यांसाठीच लावलं होतं तिने. पक्षी पिल्लांना त्याच भरवतात."

"मग स्प्रे मार ना!"

नितीनच्या लॉनवर सहा वर्षांत मुंगी फिरकलेली नाही. त्याला त्याचा अभिमान आहे.

नर्सरीच्या बाईंनी कुंडी फिरवून पाहिली. "हिवाळ्यात कुठे ठेवता?"

"घरात. कढीपत्त्याशेजारी, हीटरजवळ," मी जरा ऐटीतच सांगितलं. ऑक्टोबर आला की आमच्याकडे सगळ्यांच्याच कुंड्या आत येतात.

"किती हिवाळे?"

"तीन."

बाईंनी चष्मा काढला. "हे इथलंच झाड आहे. पानं गाळून झोपायला त्याला थंडी हवीच. तीन वर्षं जागं ठेवलंत. अजून एक हिवाळा आत काढला, तर मरेल."

हॉस्पिटलमधून नीलिमाने शेवटचं विचारलं होतं, "ओक आत आहे ना?" मी हो म्हणालो होतो.

लावणाऱ्यांसाठी: घरापासून तीस फूट लांब लावा, मुळं मोकळी करा, सशांपासून वाचवायला जाळी (अठ्ठावीस डॉलर). गळलेली पानं उचलू नका, त्यांत किडे हिवाळा काढतात. ॲन आर्बर गावात खाल्लेला डोसा गार होता.

नितीनला त्याच्या घरी सोडलं आणि मागच्या अंगणात खड्डा खणून रोप लावलं. एवढ्या प्रेमाने आम्ही त्याला मारत आणलं होतं, हे घेऊन परत आलो.

संध्याकाळी फोनवर फ्रॉस्टचा, रात्री दव गोठण्याचा, इशारा आला. रोपावर घालायला नीलिमाची सोलापुरी चादर घेऊन बाहेर गेलो. झाडापाशी बराच वेळ उभा राहिलो. मग चादर तशीच घेऊन आत आलो, दार लावलं आणि तिची घडी घालायला लागलो. एकट्याने टोकं जुळेनात. तिसऱ्यांदा जुळली.