चुलीवर शिजला भात

रोज सकाळी सातला महाडच्या माझ्या ओटीवर पेपर पडतो आणि सव्वासातला माझं डोकं फिरायचं. पेपरातल्या शब्दकोड्याचा फोटो आमच्या तिघींच्या ग्रुपवर टाकायचं काम माझ्याकडे, कारण वरंधच्या मैत्रिणीकडे पेपर दुपारी पोचतो आणि पाचाडला खानावळ चालवणारी मैत्रीण तो घेतच नाही. तिघी एका वर्गातल्या, एका बाकावरच्या. मी पुढे शिक्षिका झाले आणि आता निवृत्त आहे. म्हणजे चुका काढायला वर्ग उरला नाही, या दोघी उरल्यात.

खेळ मीच काढला होता. कोड्याच्या उत्तरांतला एक आडवा, एक उभा शब्द घ्यायचा आणि दोन ओळींचा उखाणा रचायचा. नवऱ्याचंच नाव हवं असं नाही. बोक्याचं घ्या, एसटीच्या कंडक्टरचं घ्या. मी त्यासाठी आंघोळ लांबवून मात्रा मोजत बसायची. वरंधवाली एक ओळ टाकून ‘म्हस सुटली, मागनं लिहिते’ म्हणून गायब व्हायची. तिची दुसरी ओळ आजतागायत आलेली नाही.

पाचाडवाली मात्र गिऱ्हाइकांचे पोहे परतता परतता हजर. मी पेन शोधेपर्यंत हिचा उखाणा:

‘उंट म्हणतो उंटिणीला, घासून ठेव परात,
…रावांचं नाव घेते, चुलीवर शिजला भात.’

म्हणजे दोन उत्तरं फुटली. दुसऱ्या दिवशी:

‘काजव्याने लावला दिवा, विंचवाने दिला हात,
…रावांचं नाव घेते, चुलीवर शिजला भात.’

कोड्यात काहीही येवो, दुसरी ओळ ठरलेली. एकदा तर गाढवाने तबल्याला लाथ मारली आणि त्या लाथेला हिने भाताशी जुळवलं! खानावळीत गॅस येऊन किती वर्षं झाली, तरी भात आपला चुलीवर. तिचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. दिवसकार्याला मी गेले होते, म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ग्रुपवर मला दिसायचा तो फक्त तिचा आळस.

शेवटी एका सकाळी मी लिहिलं, ‘अगं, रोज तोच भात! शिळा झाला तो. रावांना आता सुट्टी दे आणि डोकं चालव जरा.’ वरंधवालीने खाली हसरा चेहरा टाकला.

त्यानंतर पाचाडहून काही आलं नाही. पहिल्या दिवशी मी मजेत कोडं एकटीने सोडवलं. चौथ्या दिवशी फोन केला, तो उचलला नाही. या वयात रुसायचं म्हणजे कमाल झाली. आठव्या दिवशी चरफडत मी त्या दिवसाचा पेपर पिशवीत टाकला आणि पाचाडची एसटी धरली.

खानावळ रिकामी होती. तिने मला चहा दिला आणि परत तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसली.

“ग्रुपवर लिहीत का नाहीस?” मी विचारलं.

“तूच बोललीस ना, रावांना सुट्टी दे. दिली.”

“अगं, मी यमकाबद्दल बोलत होते.”

“मला यमक-बिमक नाय कळत गो. हे गेल्यापासून मला कोणी ‘नाव घे’ बोललंय? लग्नात मी मागं बसते. हळदीकुंकवाला बोलावणं नाय. यांचं नाव घ्यायला तेवढीच एक जागा होती. पहिली ओळ तुझ्या कोड्याची, दुसरी माझी.”

“लोक असतात गं तसे,” मी म्हणाले.

“लोक?” तिने भाकरी तव्यावर टाकली. “संक्रांतीचं हळदीकुंकू तुझ्याच घरी झालं. फोटो तूच टाकलास ग्रुपवर. वरंधवाली त्यात वाण घेऊन उभी हाय.”

खरं होतं ते. तेव्हा मी स्वतःची समजूत घातली होती, की हिला खानावळ सोडून एवढ्या लांब कशाला यायला लावा. वरंध काय माझ्या परसात आहे? आयुष्यभर पोरांच्या वहीतली चूक लाल पेनाने लगेच दाखवणारी मी, आणि बोलावणी करताना माझ्या हातून झालेली ही चूक मला तेव्हाच चांगली कळली होती, तरी मी ती सुधारली नव्हती. मला माझी चीड आली. अशा वेळी माणसाला काहीतरी करून मोकळं व्हायचं असतं. मी पेपर काढून तिच्यापुढे धरला. “हे घे आजचं कोडं. चल, नाव घे.”

तिने पिठाच्या हाताने पेपर बाजूला सारला.

“इथं नाय. तव्याफुडं मी रोजच घेते. पुढच्या संक्रांतीला घरी बोलाव, सगळ्या बायांत बसव आणि तिथं बोल, नाव घे म्हणून.”

मला डोळ्यांपुढे माझ्या जाऊबाई दिसल्या. आळीतल्या बायका दिसल्या, हळदीकुंकवाचं तबक हिच्यापाशी आल्यावर एकमेकींकडे बघणाऱ्या.

“बोलावते,” मी म्हणाले. पण त्याआधी मी चहाचा एक घोट घेतला होता, आणि तेवढा वेळ ती भाकरी थापायची थांबून माझ्याकडे बघत होती.