खिशातली माचिस

धोटेसाहेब काल गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

ना आजारपण, ना दवाखाना. कुणाला त्रास द्यायचा नाही हा स्वभाव शेवटपर्यंत.

समुद्रपूर रोडवरच्या ज्या जिनिंगमध्ये मी फिटर म्हणून लागलो, तिथले ते मॅनेजर.

ज्यांनी जिनिंग पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे कापसातली सरकी काढतात, त्यामुळे आवारात कापसाचे ढीग असतात. एक ठिणगी पडली की सगळं खाक.

म्हणून गेटवर रोज झडती. माचिस, लायटर जे असेल ते गेटवरच्या डब्यात टाकायचं आणि मगच आत.

झडतीत माचिस सापडली तर तो माणूस त्या दिवशी घरी.

माझ्यासारख्या बिडीबहाद्दराला हा नियम म्हणजे सासुरवास होता. पण बोलायची सोय नव्हती, कारण रोज सकाळी सगळ्यात आधी साहेबच लुना उभी करून गेटवर हात वर करायचे.

सेफ्टीवर भाषण त्यांनी कधी दिलं नाही. पोस्टरही नव्हतं आमच्याकडे.

एका वर्षी शालिकभाऊ नवीन चौकीदार म्हणून लागले. आधीच्या नोकरीत मालकाच्या साळ्याला गेटवर अडवलं म्हणून घरी बसलेला माणूस. दोन पोरी शाळेत. हीही नोकरी गेली तर काय, या काळजीने बिचारे दबकूनच असायचे.

खंडेनवमी आली. मशीनची पूजा दरवर्षी साहेबांच्या हातून व्हायची. एरवी तोवर आवार रिकामं असतं, म्हणून दिवा आत मशीनपाशीच लागायचा.

त्या वर्षी दसरा उशिरा आला आणि कापूस आधीच येऊन पडला.

साहेब आपले सवयीने निघाले. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात नारळ.

आणि दिवा लावायला वरच्या खिशात माचिस.

गेटवर हात वर केले. शालिकभाऊंचा हात खिशावर आला आणि थबकला. मी मागेच उभा होतो.

"काई नाई. जा साहेब."

साहेब थोडे पुढे गेले. खिसा चाचपला. परत आले.

"हाताले लागलं होतं न, शालिक?"

शालिकभाऊंची मान खाली.

"मंग मले काऊन सोडून राह्यला?"

"तुम्ही पूजेले चाल्ले होते, साहेब."

"आगीले काय माहीत बाप्पा, माचिस पूजेची हाय का बिडीची?"

रागावले नाहीत. माचिस डब्यात टाकली, नारळ माझ्या हातात दिला आणि लुना वळवून निघाले.

घरी. नियम म्हणजे नियम.

थोड्या वेळाने वर्ध्याहून आमचे मालक, शेठजी आले. मॅनेजर कुठे म्हणून विचारलं. काय झालं ते मी सांगितलं, आणि सगळ्यांच्या नजरा शालिकभाऊंकडे वळल्या. ही नोकरीही गेली असंच धरून चालले होते ते.

शेठजींनी साहेबांना फोन लावला. साहेब काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. शेठजी नुसते हूं हूं करत राहिले.

मग फोन ठेवला, स्वतःचा लायटर डब्यात टाकला आणि शालिकभाऊंसमोर हात वर केले. नीट बघ म्हणाले.

पूजा झाली. हळदकुंकू मशीनला, दिवा गेटबाहेर. तेव्हापासून आमच्याकडे दिवा बाहेरच लागतो.

साहेबांनी तिकडे घरी पोटभर पुरणपोळी खाल्ली आणि ढाराढूर झोपले. नवमीला नवरा घरी जेवला म्हणून काकू एवढ्या खूश, की दरसाल असंच हाकलत जा, असा त्यांनी शालिकभाऊंना निरोप पाठवला.

त्यानंतर शालिकभाऊंनी कुणालाच सोडलं नाही. मला तर नाहीच. मी कुरकुर केली की एकच वाक्य, "साहेब गेलते न घरी?"

मी बिडी सोडली ती काही पुण्य म्हणून नाही, या वाक्याला वैतागून.

त्याच गेटवरून शालिकभाऊ रिटायर झाले. दोन्ही पोरींची लग्नं झाली. साहेब दोन्ही लग्नांत वाढायला होते.

आज साहेबांना जिनिंगवरून नेलं. सगळी शिफ्ट रस्त्यावर उभी होती. दिवा गेटबाहेर लावलेला.

शालिकभाऊ काठी टेकत आले, गाडी थांबवायला लावली. साहेबांच्या अंगात पांढराच शर्ट होता.

त्यांनी वरच्या खिशावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"काई नाई. जा साहेब."

या वेळी खरं बोलले.

साहेब, तुमच्या हाताखाली काम केलं, फार बरं वाटतं. उद्या सकाळी गेटवर हात वर करू तेव्हा तुम्ही पुढे उभे आहात असंच वाटेल.

आम्हा सगळ्या गेटवाल्यांची तुम्हाला मनापासून श्रद्धांजली.