तेरवीच्या पंगतीतलं कडं

आमचे हे जन्मभर पाखरांमागे फिरले. हिवाळ्यात गावच्या तळ्यावर उतरणारे चक्रवाक अलगद पकडायचे, पायात नंबर कोरलेलं कडं घालायचे आणि सोडून द्यायचे. पगार नाही, नुसती हौस. मग पाखरू कुठवर गेलं, ते कुणीतरी कळवील म्हणून वाट बघायचे. खबर कधी आलीच नाही.

यांच्या तेरवीला शेजारी जेवायला आला. "दादानं पाखरायले लय जीव लावला," म्हणत त्यानं डोळे पुसले आणि गाडीची चाबी पत्रावळीजवळ ठेवली. चाबीच्या जुडग्यात यांनी घातलेलं, नंबर कोरलेलं कडं होतं.

"भाऊ, हे कुठी सापडलं?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"मासोळीच्या जाळ्यात पाखरू आलं होतं," तो पुटपुटला.

"मग?"

"खाल्लं."

पंगत थबकली. तो उठायला लागला. पण शेवटच्या माणसाचं जेवण होईस्तोवर आमच्याकडे पंगतीतून कुणी उठत नाही. त्याला बसावंच लागलं.

मी ते कडं चाबीतून काढून त्याच्या भातावर ठेवलं आणि वाढणाऱ्या बायकांना म्हटलं, "सावकाश वाढा वं. आज कोणाले घाई नाई."