लेप आहे की नाही

कस्टमच्या दरपत्रकातला अठ्ठेचाळिसावा अध्याय मी पहिल्यांदा उघडला तेव्हा माझं डोकंच फिरलं. कागद म्हणजे कागद, त्यात एवढं काय चघळायचं? मी बी.कॉम. झालेला, पांढुर्ण्याहून रोज बसने बोरगावच्या कारखान्यात जाणारा, स्वतःला फार हुशार समजणारा. आणि ते पुस्तक मला वकिलासारखं उलटसुलट विचारत होतं. लगदा कशाचा? लाकडाचा की जुन्या रद्दीचा? एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम? रोल आहे की ताव? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, वर लेप आहे की नाही?

आमच्या कारखान्यात रद्दीपासून तपकिरी कागद बनतो. छपाईच्या खोक्यांसाठी लागणारा पांढरा बोर्ड मात्र परदेशातून येतो. तो नागपूरच्या कंटेनर डेपोत उतरतो, आणि तो कोणत्या शीर्षकात बसतो ते आधी आम्हाला लिहून द्यावं लागतं. लेप नसलेल्याचा कोड वेगळा, लेप असलेल्याचा वेगळा, करही वेगळा. कोड भरायचं काम माझं होतं. पण कागद ओळखायचं काम लॅबमधल्या ताईंचं.

ताई लोधीखेड्याच्या. शाळा आठवीपर्यंत झालेली. कारखान्यात आल्या त्या रद्दीच्या शेडमध्ये, गठ्ठे फोडून कागद निवडायला. बारा वर्षं त्यांनी ती धूळ खाल्ली आणि दम्याचं दुखणं लावून घेतलं. पण त्या बारा वर्षांत त्यांच्या हातांना कागद असा कळायला लागला, की जुन्या लॅबवाल्या साहेबांनी निवृत्त होताना स्वतः शब्द टाकून त्यांना लॅबमध्ये बसवलं. तिथे वजनकाटा होता, पंखा होता आणि स्वच्छ हवा होती. डॉक्टरांनी त्यांना सांगूनच ठेवलं होतं की पुन्हा धुळीत गेलात तर माझ्याकडे येऊ नका.

मी नवा असताना एकदा चकचकीत कागद पाहून छातीठोकपणे म्हणालो, "ताई, याला लेप आहे."

त्यांनी कागद उजेडात तिरपा धरला आणि हसल्या. "याले नुसती खळ आहे, बाबू. लुगड्याले खळ देल्ली म्हणून काय ते रंगवलं म्हणतेत? लेप म्हंजे पांढरी माती. मातीचा थर पाह्य."

मग त्यांनी पायातलं चांदीचं जोडवं काढलं आणि त्या कागदावर घासलं. काहीच उमटलं नाही. शेजारच्या दुसऱ्या कागदावर घासलं तर पेन्सिलीसारखी काळी रेघ. लेपातली माती चांदीला घासते आणि चांदी कागदावर उतरते, एवढी साधी गोष्ट. त्यानंतर ओला अंगठा दाबून पांढरं निघतं का ते पाहायचं, मग कोपरा फाडून आतला धागा पाहायचा. हे तिन्ही केल्याशिवाय त्या सही करत नसत. मॅनेजर साहेबांना या जोडव्याच्या लॅबची लाज वाटायची. तपासणी नागपूरच्या मोठ्या लॅबला देऊन टाकू आणि बाईंना परत शेडमध्ये पाठवू, असं ते येता-जाता बोलायचे. त्यांना फक्त एक चूक हवी होती.

ती चूक मी केली.

ताईंच्या मुलीचं बाळंतपण होतं, म्हणून त्या आठ दिवस सुटीवर गेल्या. नेमके त्याच वेळी नव्या मालाचे तीन नमुने कुरिअरने आले. मला वाटलं, आता आपल्यालाही येतं की. ताईंचं जोडवं ताईंच्या पायात, म्हणून मी घरी बायकोकडे एक मागितलं. "आता जोडव्यावर नजर गेली का तुमची?" म्हणून तिने आधी माझी खरडपट्टी काढली आणि मग डब्यातला जास्तीचा जोड दिला. पांढुर्ण्याच्या बाजारातून घेतलेला, छान चमकणारा. लॅबमध्ये जाऊन मी तो तिन्ही नमुन्यांवर घासला. रेघ नाही. लेप नाही. अंगठा ओला करायचा मला कंटाळा आला.

ताई परत आल्या त्या दिवशी माल सोडवून देणाऱ्या नागपूरच्या कस्टम एजंटाचा दर दहा मिनिटांनी फोन येत होता. मी तपासणीचा रिपोर्ट त्यांच्यापुढे सरकवला. "पाहिलं मी ताई, तुमच्याच पद्धतीनं." रात्रभर दवाखान्यात जागलेल्या त्या बाईने माझ्याकडे पाहिलं, विश्वास ठेवला आणि सही केली. आजही ते आठवलं की मला स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

माल सुटला. रोल कारखान्यात आले. ताई चहाला जात होत्या, जाता जाता त्यांचा तळहात एका रोलवरून फिरला आणि त्या तिथेच थांबल्या. अंगठा जिभेला लावून कागदावर दाबला. अंगठा पांढरा झाला. जोडवं काढून घासलं. काळी रेघ, ठसठशीत.

"तू कायनं घासलं होतं?" त्यांनी मला विचारलं.

मी खिशातलं जोडवं काढून दाखवलं. त्यांनी ते नखाने वाजवून पाहिलं. "हे चांदीचं नोहे, बाप्पा. चांदीचा भाव पाहून आता सारे हेच घेतेत. कडक धातू आहे, हे झिजतच नाही, त रेघ कुठून पडन?" आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

आम्ही मॅनेजर साहेबांकडे गेलो. त्यांनी आधी दार लावून घेतलं. माल सुटलाय, कोणी काही विचारलेलं नाही, चार दिवसांत त्या कागदाची खोकी होऊन जातील, मग कोण पाहतंय? असं त्यांचं म्हणणं. आणि तरीही ताईंना कस्टमला कळवायचंच असेल, तर चुकीच्या रिपोर्टवर सही करणाऱ्या बाईला लॅबमध्ये कसं ठेवणार? सोमवारपासून शेड. हे त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं.

मला वाटलं, ताई गप्प बसतील. खरं सांगायचं तर, त्यांनी गप्प बसावं असंच मला वाटत होतं. त्या छातीची घरघर मी रोज ऐकत होतो.

"माही सही आहे ना साहेब त्याच्यावर," त्या म्हणाल्या. "ते खोकं बनून कुठीबी जाईन, पण मले त माहीत आहे. मी चिठ्ठी देतो."

चिठ्ठी मी टाइप केली. नमुना मी घासला होता, ताईंनी नाही, असं एक वाक्य मी त्यात घातलं. ताईंनी बोट ठेवून सगळं सावकाश वाचलं. त्या वाक्यावर बोट थांबलं. त्या ते खोडायला सांगतील असं मला वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, "राहू दे. खरं आहे ते. पण न पाह्यता सही मी केली, हेबी लिव्ह." मी तेही लिहिलं.

डेपोतल्या कस्टमच्या साहेबांनी आम्हाला दोघांनाही बोलावलं. ताईंनी त्यांच्या टेबलावर नमुना ठेवून रेघ काढून दाखवली, अंगठा दाखवला. साहेब खुर्चीतून उठून पाहायला आले. हे कुठे शिकलात, म्हणून त्यांनी विचारलं. "रद्दी निवडता निवडता," ताई म्हणाल्या. कोड बदलला, कराचा फरक भरला, विषय मिटला. ज्याला मी चिठ्ठी दिल्यापासून घाबरत होतो तो माणूस आम्हाला दारापर्यंत सोडायला आला.

सोमवारी ताई शेडमध्ये गेल्या. मला काहीच झालं नाही, कारण कॉम्प्युटर मीच चालवत होतो. मी मॅनेजर साहेबांकडे दोनदा जाऊन बोललो, एकदा तर टेबलावर हातही आपटला. त्यांनी मला पाणी दिलं आणि परत पाठवलं. दुपारी डबा घेऊन मी शेडमध्ये जायचो. ताई तोंडाला ओढणी बांधून बसलेल्या असायच्या, दोन वाक्यांत एकदा खोकायच्या, आणि तरी हातातला तुकडा मला दाखवून विचारायच्या, "सांग, हा कोणता?" मी चुकलो की खूश व्हायच्या. मी आयुष्यात फार माणसांपुढे मनातून वाकलेलो नाही. तिथे त्या धुळीत, डबा मांडीवर घेऊन, रोज वाकायचो.

पुढचा माल आला तेव्हा नागपूरच्या मोठ्या लॅबचा रिपोर्ट जोडला होता. इंग्रजी, शिक्का, सगळं व्यवस्थित. डेपोतल्या साहेबांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि मॅनेजर साहेबांना सरळ फोन लावला. "वो ताईजी के दस्तखत कहाँ हैं?" सही नसेल तर एकूण एक रोल उघडून पाहीन, म्हणाले. एकूण एक रोल म्हणजे पंधरा दिवस, आणि खोक्यांच्या ऑर्डरी तर तोंडावर आलेल्या.

मॅनेजर साहेब त्या दिवशी पहिल्यांदा रद्दीच्या शेडमध्ये आले. नाकाला रुमाल लावून दारात उभे राहिले आणि म्हणाले, लॅबमध्ये चला, नमुना आलाय. ताईंनी मान वर केली नाही.

"हा गठ्ठा होऊ द्या साहेब," त्या म्हणाल्या. "मंग येतो."

गठ्ठा मोठा होता. तो निवडून, बांधून होईपर्यंत साहेब तिथेच धुळीत उभे राहिले.