मोठ्या उंचवट्यांचा कॅमशाफ्ट

ढोकीच्या रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्यांमध्ये आमची गाडी अडकली होती. डावीकडे तिसरी ट्रॉली इतकी खेटून उभी होती की माझ्या बाजूचे दार उघडणे अशक्य. रामलिंगाच्या अभिषेकाची वेळ टळत चालली होती, आणि इंजिन तिसऱ्यांदा बंद पडले.

मुलगा वर्षभर राबून ही जुनी गाडी शर्यतीसाठी बांधत होता. आठवड्यापूर्वी येडशीच्या गॅरेजमध्ये उस्तादांनी आमच्यापुढे दोन कॅमशाफ्ट मांडले. इंजिनाचे वॉल्व्ह केव्हा, किती आणि किती वेळ उघडावेत, हे त्या दांड्यावरचे उंचवटे ठरवतात; एकाचे मोठे होते, दुसऱ्याचे लहान.

"गाडी कुठं पळणार त्यावर हाय सगळं, गुरुजी," उस्ताद म्हणाले.

"आबा, तुम्ही हात लावाल तो बसवू," मुलगा म्हणाला.

देवापुढे ठेवायला मोठे फळ निवडावे, तसा मी मोठ्या उंचवट्यांच्या दांड्याला हात लावला. उस्तादांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि दुसरा दांडा निमूटपणे कापडात गुंडाळला. कोणताही ग्रंथ हाती घेताना तो कोणासाठी आहे हे आधी विचारावे, असे मी आयुष्यभर शिकवीत आलो. तिथे मात्र विचारले नाही.

"हा दांडा वेगातच ओढतो," ट्रॉल्यांमध्ये अडकलेला मुलगा आता पुन्हा चावी फिरवत म्हणाला. "हळू चालवलं की गुदमरतो."

"आणि रविवारची शर्यत?"

"शेतातला ट्रॅक आहे. नुसती वळणं."

"मग हा बदलायला हवा."

"राहू द्या, आबा. तुम्ही निवडलाय."

न उघडणाऱ्या दारापेक्षा ते शब्द जड वाटले. माझा शब्द राखण्यासाठी तो हरायला तयार होता, आणि हे वळण त्याला मीच लावले होते. मी त्याच्यादेखतच उस्तादांना फोन लावला.

"उस्ताद, निवड चुकली. माझी चूक."

"व्हय, गुरुजी. तुमच्यापुढं जीभ रेटली न्हाय. दुसरा तसाच ठिवलाय."

"उद्या बसवा."

मुलाने चावीवरचा हात काढला. मग म्हणाला, "पुढच्या वेळी तुम्ही नारळ फोडा, आबा. सामान उस्ताद बघतील."

पुढची ट्रॉली हलली. आमची गाडी हलली नाही. मागून ट्रॅक्टरवाला ओरडला, "ओ पाव्हणं, शर्यतीची गाडी ना? पळवा की!"

मी बसल्या जागेवरूनच रामलिंगाला हात जोडले.