पालातले पाहुणे

तंबूत राहायची हौस माझ्या बायकोची. पोरं शिकायला बाहेर गेली, घर रिकामं झालं आणि बाईसाहेबांनी मोबाइलवर तंबूवाल्यांचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. मी आधी कुरकुर केली, मग मुकाट्यानं खांब जोडायला शिकलो. आता तर माझं मत असं झालंय की पन्नाशीनंतर तंबूइतकं सोयीचं घर नाही. सकाळी कुणाकडे गरम पाणी मागायचं नाही, कुणाच्या भिंतीचं कौतुक करायचं नाही, आणि कंटाळा आला की गुंडाळून निघायचं.

गेल्या जानेवारीत आम्ही पुण्याहून गाडी काढली. नरसीला नामदेवांच्या दारी डोकं टेकवलं आणि पुढं कळमनुरीच्या बाजूला धरणाच्या पाण्याकाठी, एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या पडीक वावरात तंबू ठोकला. त्या माणसानं तंबूभोवती दोन फेऱ्या मारल्या, कापड चिमटीत धरून पाहिलं आणि चांगलंय म्हणाला.

कळमनुरीत माझा जुना मित्र राहतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी हिंगोलीत एका कॉलेजात आम्ही दोघं नव्यानं मास्तर म्हणून लागलो होतो आणि एका खोलीत राहत होतो. एक स्टोव्ह, दोन खाटा आणि तिसऱ्या माणसाला आत यायचं तर आमच्यापैकी एकानं बाहेर जायचं, एवढी ती खोली. तो मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्याचं सगळं लहानपण कळपामागं पालात गेलं. पाल म्हणजे काठ्यांवर टाकलेलं कापड, त्यांचं फिरतं घर. त्या खोलीला पक्कं छत होतं याचा आनंद त्याला, आम्ही तिथं राहिलो ती चारही वर्षं पुरला. मला तो कायम ‘अबे’ म्हणूनच हाक मारायचा, आणि रागावला की त्यापुढं शिवी जोडायचा. एकदा म्हणाला, ‘‘घर बांधीन तवा एक खोली तुझी. कधी बी ये, कुनाला इचारू नको.’’

मग मी पुण्याला गेलो. तो तिथंच राहिला. त्याचे वडील गेले तेव्हा मी पोचलो नाही. वास्तुशांतीला त्यानं दोनदा फोन केला. परीक्षेचं काम आहे, असं मी सांगितलं. काम नव्हतं. एवढं लांब जायचा आळस होता, आणि हे त्यालाही कळलं असणार. तेव्हापासून दिवाळीला एक निरोप इकडून, एक तिकडून, इतकंच उरलं.

पाण्याकाठून मी त्याला फोन केला. ‘‘आम्ही दोघं आलोय तुमच्याकडं. उद्या दुपारी तासभर येऊन जातो.’’

‘‘राहायला कुठं हाव?’’

‘‘तंबू ठोकलाय धरणावर.’’

‘‘पाल ठोकलं?’’ तो म्हणाला. ‘‘घर हाय की इथं. खोली हाय.’’

‘‘अरे, तुला कशाला तकलीफ?’’

‘‘बराबर हाय,’’ तो म्हणाला. ‘‘या मंग उद्या. तुमी दोघं बी या.’’

हा ‘तुमी’ मला खटकला. पण बायको बरोबर आहे, म्हणून म्हणाला असेल, अशी मी समजूत घातली. आपल्याला हवी ती समजूत पटकन पटते.

दुसऱ्या दिवशी गेलो. गावाच्या कडेला नव्या वस्तीत घर, पुढं लोखंडी फाटक, अंगणात पेरू. त्यानं घर दाखवलं, मी ठरल्याप्रमाणे कौतुक केलं. एक दार बंद होतं. ते त्यानं दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्याच्या बायकोनं पुरणपोळ्या केल्या होत्या. बोलणं बदल्यांचं, गुडघ्यांचं, कोण वारलं त्याचं. त्यात काही वाईट नव्हतं. डॉक्टरकडे ओळीत बसलेली माणसं असंच बोलतात.

त्याची माय भिंतीला टेकून बसली होती. ऐंशीच्या पुढची. आम्हाला जेवताना पाहून ती खूश होती. जेवण झाल्यावर तिनं माझ्या बायकोला विचारलं, ‘‘सामान कुठं हाय तुमचं? आणलं न्हाई आत?’’

‘‘सामान तंबूत आहे, माय,’’ बायको हौसेनं म्हणाली आणि मोबाइलवर तिनं फोटो दाखवला. निळा तंबू, मागं पाणी.

म्हातारीनं मोबाइल डोळ्यांजवळ धरला. ‘‘हे तं पाल हाय.’’ मग तिनं मान वर केली, पण आमच्याकडे नाही, लेकाकडे पाहिलं. ‘‘तू पाव्हण्यायला गावाबाहेर उतरवलं?’’

त्यानं पानसुपारीचं तबक माझ्यापुढं सरकवलं.

‘‘आमी जलमभर गावाबाहेर पालं ठोकली. हौस होती का? गावात कुनी घेत नव्हतं. आता तुला घर झालं, तं तू बी तसंच करून राहिला व्हय?’’

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरे होतं. पण माझ्या हातात सुपारी होती आणि ती मी बारकाईनं पाहत बसलो. बायकोनं मला कोपरानं ढोसलं, तेव्हा मी ती तोंडात टाकली.

तो म्हणाला, ‘‘खोलीत हळद भरली, माय. पोत्यायनी जागाच न्हाई. म्हणून मीच त्यायला म्हणलं, बाहेर सोय करा.’’

‘‘हळद नेऊन ठेव त्या पालात, न् माणसं आण घरात,’’ म्हातारी म्हणाली. आम्ही हसलो. ती हसली नाही. काठी टेकत उठली, त्या बंद दाराशी गेली आणि तिनं ते ढकललं.

आत हळद नव्हती. एकही पोतं नव्हतं. पलंगावर नवी चादर होती, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. उशाशी दोन घोंगड्या, आणि खिडकीत पाण्याचा तांब्या, त्यावर फुलपात्र पालथं घातलेलं. ते पाणी सकाळीच भरून ठेवलेलं असणार. मी तासाभरासाठी येतोय हे माहीत असूनही त्यानं ती खोली तयार करून ठेवली होती.

मला लाज वाटली. अशी लाज मला फार वर्षांत वाटली नव्हती.

‘‘माय,’’ मी म्हणालो, ‘‘तो खोटं बोलतोय. त्यानं कालच सांगितलं होतं, खोली आहे म्हणून. मीच नाही म्हणालो.’’

‘‘काहून?’’

मी सांगायचा प्रयत्न केला. वडील गेले तेव्हा आलो नव्हतो, वास्तुशांतीला आलो नव्हतो, दोन दिवस या घरात राहिलो असतो तर कधीतरी ते निघालंच असतं, आणि तंबूतून उठून जाता येतं. हे सगळं मी अर्धवट आणि वाकडंतिकडं बोललो. म्हातारीनं ऐकून घेतलं. मग लेकाला विचारलं, ‘‘मंग तू काहून आपल्या अंगावर घेतलं?’’

‘‘पाव्हण्याला कसं बोलावं, माय?’’ तो म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. मी वाट पाहत होतो की आता तरी तो ‘अबे’ म्हणेल, शिवी देईल, बापाच्या मातीला आला नाहीस, आता कशाला आलास, असं विचारेल. तो फाटक उघडायला गेला. ‘‘सामान घेऊन या तुमी,’’ जाता जाता म्हणाला. ‘‘ऊन हाय तवर.’’

आम्ही धरणावर गेलो, तंबू गुंडाळला आणि त्या खोलीत राहिलो. पलंग चांगला होता. घोंगडीची ऊब मला तंबूतल्या महागड्या झोपायच्या पिशवीपेक्षा बरी वाटली, पण हे कुणाला सांगायचं ते कळेना. सकाळी गरम पाणी मागावं लागलं नाही, ते बादलीत काढून ठेवलेलं होतं, आणि तो जेवढ्यास तेवढं, अदबीनं बोलत होता.

निघताना त्याच्या बायकोनं माझ्या बायकोची ओटी भरली. मग तो आतून टॉवेल-टोपी घेऊन आला. तिकडची ही रीतच. सोयरे-पाहुणे निघाले की त्यांना टॉवेल-टोपीचा आहेर करतात. घरच्या माणसाला कुणी करत नाही. सख्ख्या भावापुढं टॉवेल-टोपी धरली, तर तो ती अंगावर फेकेल आणि वर विचारेल की मला परका केलंस का.

मीही ती फेकावी असं मला फार वाटलं. पण तो हक्क मी माझ्याच हातानं घालवला होता. मी मान पुढं केली. त्यानं टॉवेल खांद्यावर ठेवला, टोपी माझ्या डोक्यावर नीट बसवली आणि दोन पावलं मागं सरून हात जोडले.

‘‘या पाव्हणे,’’ तो म्हणाला.